मला कापणारे हात

मी कोरफड बोलतेय. खरी कोरफड, प्लॅस्टिकची नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझं सुरुवातीचं सगळं आयुष्य लोकांनी मला प्लॅस्टिकची समजण्यातच गेलं.

माझा जन्म एका रोपवाटिकेतला. आईच्या बुंध्याला लागून मी मातीतून डोकं वर काढलं, तेव्हा जेमतेम बोटाएवढी होते. आमच्यात असंच असतं. पिल्लं आईला बिलगून जन्मतात आणि कुणी वेगळं करेपर्यंत तिथेच राहतात. एके दिवशी माळ्याने खुरपं घालून मला अलगद सोडवलं, मुळांवरची माती झटकली आणि सावलीत नुसतंच ठेवून दिलं. ना कुंडी, ना पाणी. मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने विचारलं, "ही लावायची राहिली का?" तो म्हणाला, "जखम सुकू दे तिची आधी. ओली लावली तर सडेल." तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. त्या माळ्याचे उपकार मी विसरलेले नाही.

तिथून मला सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानाने विकत नेलं. मोठ्या रस्त्यावरचं, काचेच्या दारांचं, आत गारेगार. मला पांढऱ्याशुभ्र कुंडीत घालून काउंटरवर बसवलं. शेजारी क्रीमच्या बरण्यांची रांग आणि त्यातल्या अर्ध्या बरण्यांवर माझंच चित्र! चित्रातली मी हिरवीगार, अंगावर पाण्याचे थेंब. खरी मी मात्र विजेच्या दिव्यांखाली दिवसेंदिवस पिवळी पडत चाललेली.

येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या पानात नख खुपसायचं. "अय्या, खरी आहे ही!" असं म्हणून खूण ठेवून पुढे जायचं. कुणी कपातली उरलेली कॉफी माझ्या मातीत ओतायचं. मला माणसांचा राग यायचा नाही, पण कोडं पडायचं. चित्र बघून ती हजार वेळा "किती नैसर्गिक" म्हणत, आणि निसर्ग समोर बसला असला की त्याला चिमटा काढून बघत.

त्या काउंटरवर उभी राहणारी जी मुलगी होती, तिची ही गोष्ट आहे. घरी तिला सगळे बबडी म्हणत. सगळे म्हणजे तिची आईच, कारण घरात दोघीच. सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी बबडीच. मीही तिला तेच म्हणते.

बबडी दुपारी डबा खायला बसली की मला उचलून दाराशी नेऊन ठेवायची. तेवढंच ऊन. ओल्या फडक्याने माझी पानं पुसायची, माती बोटाने चाचपून बघायची आणि ओली लागली तर पाणी घालायची नाही. कोरफडीला जास्त पाणी म्हणजे विषच, हे त्या दुकानात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तिचं काम मोठं विचित्र होतं. नवीन जे काही येईल ते आधी तिच्या चेहऱ्यावर. गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून सकाळी एक थर, दुपारी तो पुसून दुसरा, संध्याकाळी तिसरा. पुसायचं पाणीही इतकं जहाल की त्याच्या वासाने माझी टोकं वाळायची. दुकानाच्या मॅडम म्हणायच्या, "चेहरा म्हणजे आपल्या दुकानाची पाटी. पाटी चमकायलाच हवी." मॅडम वाईट नव्हत्या. एका छोट्या कपाटापासून त्यांनी ते दुकान उभं केलं होतं, आणि स्वतःच्या चेहऱ्यालाही त्यांनी कधी सुट्टी दिली नव्हती.

मग कातडी सोलून नवी काढणारं म्हणून काहीतरी आलं. पाठोपाठ गोरं करणारं आलं, मग वय लपवणारं. सगळं बबडीच्या गालांवर. आधी हनुवटीवर लाली आली. मग गाल तडतडायला लागले, बारीक पुरळ उठलं, खपल्या धरल्या. ती घाबरली आणि घाबरून तिने तेच केलं जे माणसं करतात. वरून आणखी जाड थर लावला.

एके दुपारी एका बाईने बरणी हातात घेतली, बबडीकडे निरखून पाहिलं आणि सहज विचारलं, "तुम्ही हेच वापरता का?"

"हो, रोज," बबडी हसून म्हणाली.

"मग राहू दे." बाईने बरणी जागेवर ठेवली आणि ती निघून गेली.

बबडीचा चेहरा असा पडला की मला बघवेना. संध्याकाळी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "थोडे दिवस आत गोदामात बस. रागावून नाही म्हणत मी. पण अशी समोर नको उभी राहूस."

त्याच आठवड्यात दुकानाची सजावट बदलली. माझी पानं वाकडी झाली होती, टोकं तपकिरी. मॅडम म्हणाल्या, "हिला काढा आणि प्लॅस्टिकची आणा. माती नको, पाणी नको, कटकट नको." मला कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवलं. गोदामातून बाहेर पडताना बबडीने मला पाहिलं, एका पिशवीत घातलं आणि बसमध्ये उभ्याने, छातीशी धरून घरी आणलं.

दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचं ऊन यायचं आणि त्या खिडकीशीच आईचं शिवणयंत्र होतं. आई शाळांचे गणवेश शिवायची, लोकांचे कपडे शिवायची. मला बघून ती म्हणाली, "भाजी आणायची सोडून हे काय उचलून आणलंस?"

"फेकून देत होते गं."

"मग ठेव तिकडे. माझ्या मशीनवर सावली पडता कामा नये, सांगून ठेवते."

अशी मी खिडकीत आले. कितीतरी काळाने खरं ऊन अंगावर घेतलं. त्या सकाळी मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. पानं सरळ झाली, एवढंच सांगते.

पण घरात वेगळंच शिजत होतं. बबडी रोज चेहरा झाकून यायची, दिवा मालवूनच तोंड धुवायची. एका सुट्टीच्या दिवशी आईने तिला उजेडात पकडलं.

"अगं बाई! हे काय झालं गं चेहऱ्याचं?"

"काही नाही, ॲलर्जी असेल."

"सोड त्या तुझ्या बाटल्या. घरचं काहीतरी लाव. थांब, मीच करते."

आईने लिंबू चिरलं, त्यात खायचा सोडा घातला, फसफसणारं ते पाणी वाटीत घेऊन आली. बबडी नको नको म्हणत होती. "घरचंच तर आहे, त्याने काय होतंय?" असं म्हणत आईने दोन्ही गालांना चोळलं.

बबडीची किंकाळी मला अजून ऐकू येते. ती नळाकडे धावली, पाणी मारत राहिली. चेहरा तापल्या तव्यासारखा लाल, पापण्या सुजून डोळे मिटायला आलेले. आई हातात अर्धं लिंबू धरून तशीच उभी.

"मी तुझं चांगलंच करायला गेले गं..."

"कुणी सांगितलं होतं तुला?" बबडी ओरडली. "दुकानात माझा चेहरा कुणाला बघवत नाही, आता घरीही तेच! सोडते मी नोकरी. कुठे जातच नाही आता."

तिने आरशावर टॉवेल टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आईचं यंत्र त्या दिवशी चाललं नाही. मी त्या घरात आल्यापासून अशी शांतता ऐकली नव्हती.

दुपारी आई चाकू घेऊन माझ्याकडे आली. स्वतःच्या जिवाची भीती होतीच, पण बबडीची जास्त. माझ्या सालीखाली पिवळा चीक असतो. तो खाजरा, झोंबरा. निथळू न देता त्या सोललेल्या कातडीवर लावला असता, तर मीही लिंबाच्याच वाटेने गेले असते. मी नैसर्गिक आहे, पण गरीब गाय नाही.

"बबडे, ही लावू का थोडी? थंड असते म्हणतात."

"आई, आता काहीच नको. पाया पडते तुझ्या."

आईने चाकू खाली ठेवला, डोळे पुसले आणि एकदम ताठ होऊन म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचं."

तिथे काय झालं ते मला संध्याकाळी कळलं, कारण आईने शेजारणीला सगळं नकलेसकट सांगितलं. कातडीच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्या स्वतःच्या गालांवर कांजिण्यांचे जुने व्रण. त्यांनी विचारलं, चेहऱ्याला काय काय लावता? बबडी सांगत गेली, त्या लिहीत गेल्या, आणि मधेच त्यांचं पेन थांबलं.

"आणि हे सगळं एकाच चेहऱ्याला?"

बबडीला तशातही हसू आलं म्हणे.

"लिंबू कुणी सांगितलं?" यावर आईने शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

"काकू, लिंबू पाण्यात पिळून प्या. सोडा भांड्यांना ठेवा. चेहरा काय घासायचं पातेलं आहे?" त्यांनी थोड्या दिवसांचं मलम दिलं. बाकी काही लावायचं नाही, फक्त साधं पाणी.

"नुसतं पाणी?" आईचा विश्वास बसेना.

"नुसतं पाणी. त्या कातडीला जरा एकटं सोडा. ती बिचारी स्वतःचं स्वतः करते, तुम्ही करू दिलंत तर."

काही न करणं किती अवघड असतं, ते मी तेव्हा पाहिलं. बबडीचा हात आपोआप बाटल्यांच्या फळीकडे जायचा. शेवटी आईने सगळ्या बाटल्या पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या आणि शिडी शेजारणीला देऊन आली. दोघी अजून नीट बोलत नव्हत्या. पण सकाळी आई पाणी कोमट करून ठेवायची, जुनं मऊ सुती कापड धुऊन, चौकोन कापून, कडा दुमडून द्यायची. बबडी ते घ्यायची. असं करता करता एक दिवस बबडी म्हणाली, "आई, कडा किती बारीक दुमडल्यास गं," आणि आई यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "टोचायला नको तुला." तिथून बोलणं सुरू झालं.

लाली उतरली. खपल्या गेल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी थोडी मोकळीक दिली, पण एका अटीवर. "एका वेळी एकच नवीन गोष्ट. सगळं एकदम लावलंत तर काय मानवलं नि काय नाही, कळणार कसं?" आधी ओटचं पीठ. मग सूर्यफुलाचं तेल. आणि मग, घरात आहेच तर, कोरफड.

माझी पाळी आली तेव्हा मी घाबरले नाही असं नाही. पण बबडी शिकून आली होती. माझ्या गाभ्याला तिने हातही लावला नाही. सगळ्यात खालचं, बाहेरचं, भरलेलं पान बुडापासून कापलं. दुखलं का? दुखलं. पान तिने ग्लासात उभं ठेवलं. पिवळा चीक ओघळायला लागला तशी आई दचकली.

"अगं, हे काय पिवळं पिवळं?"

"हेच तर लावायचं नसतं. निथळू दे सगळं."

मग पान धुतलं, काटे काढले, साल सोलली, आतला पारदर्शक गर चमच्याने काढला. आणि इतकं करून तो चेहऱ्याला लावलाच नाही! कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढा लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. आईला दम निघेना. शिवता शिवता उठायची. "दाखव कोपर. खाजतंय का? लाल झालंय का?" परीक्षेचा निकाल असावा तशी ती त्या कोपराकडे बघायची. कोपर पास झालं, तेव्हा कुठे माझा गर बबडीच्या गालाला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या उपयोगी पडले.

मग रोजचा क्रम बसला. मिक्सरमधून बारीक केलेलं ओटचं पीठ चमचाभर तळहातावर, त्यात पाणी, आणि ते चेहऱ्यावर हलकेच टेकवायचं, चोळायचं नाही. पाण्याने धुवायचं. ओलसर असतानाच माझा थोडा गर, वर तेलाचे दोन-तीन थेंब. बाहेर पडताना डॉक्टरांनी दिलेलं उन्हाचं क्रीम. बस्स.

"झालं? एवढ्यात?" आई विचारायची. "पूर्वी तू तोंड धुवायला गेलीस की माझी एक बाही शिवून व्हायची."

शेजारणी बबडीचा चेहरा बघून माझं कौतुक करायच्या, तेव्हा मला संकोच वाटायचा. मलम डॉक्टरांचं, विश्रांती कातडीची, कोमट पाणी आईचं. मी थोडा गारवा दिला, इतकंच. गालांवर फिकट डाग राहिलेच. ते घेऊनच, लांबलेली रजा संपवून, बबडी एके सकाळी काहीही न थापता दुकानात गेली.

संध्याकाळी तिने खिडकीशी बसून आईला सांगितलं ते असं. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने केस पुढे ओढून चेहरा झाकलेला, गालभर फोड. बाई म्हणाली, सगळ्यात कडक असेल ते द्या. बबडीने गोदामातून पुढे येऊन सांगितलं, "आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. तोवर हा साधा फेसवॉश आणि उन्हाचं क्रीम. बाकी काही नको." मग आपल्याला काय झालं होतं ते सगळं सांगितलं, डाग दाखवले. बाई दोनच वस्तू घेऊन गेली. मॅडम मागे उभ्या होत्या.

"गिऱ्हाईक परत पाठवायला ठेवलंय का मी तुला?"

"मॅडम, ती परत येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर तिची कातडी तरी वाचेल."

मॅडमनी समोरची एक बरणी उगाच सरळ केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून तो कोपऱ्यातला काउंटर तू बघ. साध्या वस्तूंचा."

ही शिक्षा की बढती, यावर मायलेकींचा जेवणभर वाद झाला. त्या कोपऱ्यात तोवर कुत्रंही फिरकत नव्हतं. पण ती मुलगी केस मागे बांधून परत आली, मैत्रिणींना घेऊन आली. हळूहळू कोपऱ्यात गर्दी व्हायला लागली. दुकान बंद करताना मॅडमही तिथे रेंगाळतात आणि हळू आवाजात विचारतात, "काय गं, ते ओटचं पीठ कसं म्हणालीस?"

मी आता भरपूर वाढलेय. पांढरी कुंडी तडकली, मातीच्या मोठ्या कुंडीत बसले. पायाशी पिल्लं आली आणि ती शेजारीपाजारी गेली; प्रत्येकाबरोबर बबडीची ताकीद जाते, "आधी कोपर, मग तोंड." तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. गाभा सोडा, बाहेरचं पान घ्या, चीक निथळू द्या, कोपराला विचारा. आणि खाज सुटली तर हट्ट करू नका, मी सगळ्यांना मानवतेच असं नाही.

निरोप घेण्याआधी परवाचं सांगते. संध्याकाळचं तिरकं ऊन खिडकीतून बबडीच्या चेहऱ्यावर पडलं होतं. आईने यंत्र थांबवलं आणि बघतच राहिली. "किती छान दिसतेयस गं," म्हणत तिने हात उचलला, गालापर्यंत नेला, आणि मधेच मागे घेतला.

"काय झालं?"

"नको. माझा हात खरखरीत आहे. ओरखडा उठेल तुला."

बबडीने तो हात धरला, उलटा केला, उजेडाकडे नेला. बोटांच्या टोकांना भेगा पडलेल्या, सुई टोचल्याच्या खुणा, अंगठ्याची कातडी उललेली.

"आई, हे कधीपासून?"

"शिवणाऱ्यांचे हात असेच असतात."

"म्हणून तू शिवायला आलेले ते साटीनचे झगे परत पाठवलेस? मला म्हणालीस, ते चकाकतं, डोळ्यांना त्रास होतो."

आईने बोटं मिटून घेतली. "बोटांत अडकायचं गं ते कापड. धागे निघायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा तुझा चेहरा एवढा सुजलेला. त्यात माझ्या बोटांचं काय सांगत बसू?"

बबडी उठली, चाकू घेतला आणि माझ्याकडे आली. जमलं असतं तर सगळ्यात जाडजूड पान मीच पुढे केलं असतं. कोपर तपासायचं म्हटल्यावर आई कुरकुरली, "मी काय नाजूक आहे?" पण बबडीने ऐकलं नाही. भेगा खोल होत्या म्हणून डॉक्टरांनाही दाखवून आणलं, आणि काल संध्याकाळी आईचे दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. मलम लावलं, मग माझा गर, वर तेल. एकेक बोट सावकाश. शेवटी दोन्ही हातांवर सुती मोजे चढवले.

आई त्या मोज्यांकडे बघत बसली. तिचे हात असे रिकामे मी कधीच पाहिले नव्हते. सुई नाही, कापड नाही, काही नाही. मग ती एकदम खुदकन हसली.

"अगं बबडे, आता डोकं खाजलं तर काय करू?"

"खाजतंय?"

"लगेचच."

बबडीने तिच्या केसांत बोटं घातली. "इथे?"

"जरा वर... डावीकडे... हं. तिथे."

आईचे डोळे मिटले. बबडीने हात काढला नाही. खिडकीत मी होते, आदल्याच दिवशी कापलेली आणि पुरेपूर सुखी. येते.